रिकाम्या गोणीवरची जुनी खूण

२ डिसेंबर २०२४, सोमवार. बंगळूर

ही वही माझी. ऑफिसची वेगळी आहे. ऑफिसच्या वहीत दिसलं तेवढंच लिहायचं, वेळ घालून, आपलं डोकं त्यात घालायचं नाही, असा प्रोग्राम लिहिणाऱ्या योगिनी मॅडमचा कायदा. पण डोकं कुठेतरी घालावं लागतंच, म्हणून आज ही दुसरी आणली.

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. मला वाटलं गेलो. आजवर केबिनमध्ये बोलावलं म्हणजे नोकरी गेली असंच झालंय. मुंबईच्या हॉटेलात झालं, टॉवरवर चढायच्या कामात झालं, केबलचे चर खणायच्या कामात तर ठेकेदाराकडे केबिनच नव्हती, उन्हातच झालं. इथे तिसरं वर्ष चालू आहे. नववीपर्यंत शिकलेला माणूस कॉम्प्युटरच्या कंपनीत काय करतो असं लोक विचारतात. केबल लावतो, काढतो, डबा तापवतो, मध्येच करंट घालवतो, आणि काय होतं ते लिहितो. एका जागी बसावं लागत नाही, म्हणून टिकलोय.

साहेब म्हणाले, "रितेश, आपल्या चार डब्यांपैकी एक तुझ्या गावात आहे ना? तोच रडतोय."

डबा म्हणजे आमच्या कंपनीचं यंत्र. गावात इंटरनेटची एक लाइन येते. डबा तिचे दोन वाटे करतो. एक वाटा आरोग्य उपकेंद्राच्या कॉम्प्युटरला, त्यावर शहरातले डॉक्टर पेशंट बघतात. दुसरा गावाला फुकट वायफाय. नियम एकच, डॉक्टरांचा कॉल चालू असेल तर त्याचा माल पुढच्या रांगेत, बाकी सगळे मागच्या रांगेत. आमच्या गावात हेच होत नाहीये. डॉक्टरांचं तोंड हलतं आणि आवाज पाच मिनिटांनी येतो.

"एकतीस तारखेचा कॉल शेवटचा," साहेब म्हणाले. "तो नीट झाला तर डबा तिथेच राहील, लाइनही राहील. नाही झाला तर काढून घेऊन ये."

डबा काढला तर डॉक्टरही गेले. मी हो म्हणालो आणि बाहेर आल्यावर आठवलं की गावात बाबा पण आहेत.

५ डिसेंबर, गुरुवार. गाव

मडगावला गाडी बदलून रत्नागिरी, तिथून एसटीने दीड तास आत. सहा वर्षांत दोनदाच आलो होतो, दोन्ही वेळा गणपतीला, घरात माणसं भरलेली असतात तेव्हा. तसं आलं की कोणाशी एकट्याने बोलावं लागत नाही.

आईने भाकरी वाढली. बाबा गिरणीतून आले, भाताचं तूस भुवयांवर. म्हणाले, "कदी आलंस?"

"दुपारी."

"जेवलंस?"

"हो."

संपलं. रागावलेले आहेत हे कळायला आणखी काय लागतं?

इथे लिहूनच टाकतो. बाबा भाताची गिरण चालवतात. लोक गोणीतून भात आणतात, गोणीवर गेरूने नाव आणि खूण घालतात. गोल म्हणजे भरडून तांदूळ करायचा, फुली म्हणजे नुसतं पंख्याखाली वारवून द्यायचं. मी सतरा वर्षांचा होतो. मथुरा काकी तांबड्या भाताचं बी वारवायला घेऊन आली, तिची टोपली फाटलेली, म्हणून मी ते गिरणीतल्या एका रिकाम्या गोणीत ओतलं. गोणीवर आधीच्या कोणाचा तरी गोल होता. मी फुली घालायला विसरलो, बाबांनी गोल बघितला आणि भरडलं. बियाण्याचा तांदूळ झाला. पेरायला दाणा उरला नाही. काकीच्या सासूच्या वेळेपासूनचं बी होतं. बाबा त्या दिवशी काहीच बोलले नाहीत. न बोलणं मला झेपलं नाही. आठवड्याने मी मुंबई गाठली.

६ डिसेंबर, शुक्रवार

उपकेंद्रात गेलो. मनाली सिस्टर मूळच्या पूर्णगडच्या, तोंडाने तिखट. म्हणाल्या, "आलात कंपनीवाले? तुमच्या डब्यावर मी रोज हळदकुंकू वाहते, तरी पावत नाही."

कॉल मंगळवारी आणि शुक्रवारी अकरा वाजता असतो. आजचा चांगला झाला. सिस्टर म्हणाल्या, "शुक्रवारी बरा चालतो हो. मंगळवारी अंगात येतं त्याच्या."

ऑफिसच्या वहीत लिहिलं: शुक्रवार, चांगला.

१० डिसेंबर, मंगळवार

अंगात आलं.

आज मथुरा काकीचा नंबर होता. तिला साखर आहे, तळपायाला जखम. डॉक्टर दर मंगळवारी कॉलवर जखम बघतात, औषध बदलतात. हे नसतं तर तिला त्या पायाने रत्नागिरीला जावं लागलं असतं, आणि ती गेली नसती हे अख्ख्या गावाला माहीत आहे. तिने पाय कॅमेऱ्यासमोर धरला आणि चित्र गोठलं. पाय खरा खाली गेला तरी पडद्यावरचा वरच.

"माजा पाय त्यांच्याकडंच ऱ्हायला काय रं?" काकी म्हणाली.

मी मान खाली घालून वायर बघत होतो. तिने मला ओळखलं. "तू गंगारामचा ना? माजं बी भरडलंस तो?"

मी टेबलाखाली वाकलो. ती हसत होती, पण हसतच तर माणसं बोलतात असलं.

संध्याकाळी वर सड्यावर, कातळाच्या माळावर जाऊन मॅडमना फोन केला, घरापेक्षा तिथे रेंज चांगली. मॅडम म्हणाल्या मंगळवारी काय वेगळं असतं ते शोध. सोपं आहे. मंगळवारी बाहेरून बायका-पोरांची डॉक्टरीण बाई येते, चाळीस-पन्नास माणसं उपकेंद्रासमोरच्या फणसाखाली बसून असतात, आणि प्रत्येकाच्या हातात फोन. वायफायवर गर्दी.

"पण गर्दी मागच्या रांगेत आहे ना?" मॅडम म्हणाल्या. "हजार माणसं मागे असली तरी पुढच्याला काय?"

हे मलाही पटलं. फोन ठेवला.

११ डिसेंबर, बुधवार

हर्षदचा फोन. रांगांचा सगळा कोड त्याचा. म्हणाला, "माझ्या इथे चाचणीच्या बेंचवर शंभर टक्के चालतंय. तुझ्या गावातच काहीतरी आहे."

गावात काय असणार? कातळ आहे.

१५ डिसेंबर, रविवार

चार दिवस लिहिण्यासारखं काही नाही. शुक्रवारचा कॉल चांगला झाला. घरात बसवेना म्हणून आज गिरणीत गेलो, कारण आईने बाबांचा जेवणाचा डबा दिला हातात. हंगाम आहे, दारापर्यंत गोणी. बाबा एका गिऱ्हाइकाला सांगत होते, "रिकामी गोण अशी टाकायची न्हाय. पयली उलटी कर. ह्यो हितला नेम हाय, सा वर्सं झाली." मग माझ्याकडे बघितलं आणि गोणीत हात घालून ती आतली बाहेर केली.

सहा वर्षं. म्हणजे माझ्यापासून. माझ्यासमोरच सांगायचं होतं. डबा ठेवून निघालो. त्यांनी हाक मारली बहुतेक, पण भात भरडणाऱ्या हलरचा आवाज होता.

१७ डिसेंबर, मंगळवार

आज एक गोष्ट झाली आणि मला अजून ती नीट कळलेली नाही, म्हणून जशी झाली तशी लिहितो.

कॉल परत बिघडला. काकी वैतागून लंगडत घरी गेली. जाताना म्हणाली, "फुडच्या येळेस पाय पोस्टानं पाठवते." मी डब्याची मोजणी लॅपटॉपवर उघडली. दोन आकडे असतात, पुढच्या रांगेतून किती पॅकेटं गेली आणि मागच्या रांगेतून किती. उपकेंद्राच्या कॉम्प्युटरची केबल सैल वाटली म्हणून मी ती काढली, टोक पुसायला. सवयीने पडद्याकडे बघितलं. पुढच्या रांगेचा आकडा पळतच होता.

केबल माझ्या हातात. पुढच्या रांगेत जाण्यासारखं काहीच डब्यात येत नाहीये. आणि आकडा पळतोय, मिनिटाला पाच-सहाशे.

केबल बाहेरच ठेवली. डबा बंद करून चालू केला. आता पुढचा आकडा शून्य. दहा मिनिटं बघत बसलो, मी, दहा मिनिटं बसलो. शून्य. केबल लावली, सिस्टरना म्हटलं पाच मिनिटं काहीतरी व्हिडिओ लावा. लावला. केबल काढली. आकडा पळतोय.

तीनदा केलं. तीनदा तेच. ऑफिसच्या वहीत घातलं, वेळेसकट.

मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, "असं होऊ शकत नाही. खूण त्या केबलवरून आलेल्या पॅकेटलाच लागते. केबल नाही तर खूण लावणारंच कोणी नाही. मग खूण आली कुठून?"

"मी काय सांगू मॅडम, मी नववी."

"मॅडम म्हणू नको, आणि नववी तर अजिबात म्हणू नको. परत एकदा सांग, सावकाश."

परत सांगितलं. त्यांनी मग मला समजावलं, ते मी माझ्या शब्दांत लिहितो. पॅकेट म्हणजे माल. प्रत्येक पॅकेटसोबत डब्याच्या मेमरीत एक चिठ्ठी असते, मालाबद्दलची आपली नोंद: कुठून आलं, कुठल्या रांगेत टाकायचं. चिठ्ठी मालाबरोबर बाहेर जात नाही, डब्यातच राहते. उपकेंद्राच्या केबलवरून आलं तर चिठ्ठीवर एक आकडा लिहायचा, ती खूण. वायफायवरून आलं तर काही लिहायचं नाही. कोरी म्हणजे मागची रांग.

"आणि माल गेल्यावर चिठ्ठीचं काय होतं?" मी विचारलं.

"पॅकेटची जागा आणि चिठ्ठी टाकून देत नाही आपण. परत वापरतो. नवीन घेण्यात वेळ जातो." मग म्हणाल्या, "ते दोन महिन्यांपूर्वी मीच केलं. वेग वाढवायला."

रात्र व्हायच्या आत खाली आलो. डोक्यात काहीतरी आहे, पण पकडता येत नाही.

१८ डिसेंबर, बुधवार

पकडलं!

सकाळी आईने परत बाबांचा जेवणाचा डबा दिला. जायचं नव्हतं, गेलो. मथुरा काकी तिथे ओट्यावर पाय लांब करून बसलेली, तिचं भात आलं होतं. बाबा रिकाम्या गोणी उलट्या करत होते आणि मी उभा राहून बघत होतो. जुनं नाव, जुना गोल, सगळं आत गेलं आणि बाहेर कोरा ताग. मी विचारलं (आल्यापासून पहिल्यांदाच आपणहून काही विचारलं), "भरताना खूण पुसली तर नाही चालणार? उलटी कशाला करत बसायचं?"

बाबा म्हणाले, "भरायला धा जनं येतात. कोन पुसंल, कोन न्हाय पुसणार. रिकामी मात्र माज्याच हातात येती. हितंच केली की झालं. मग कोन खूण घालायला इसरला तर गोण कोरी ऱ्हाते. कोऱ्या गोणीला मी हात लावत न्हाय, मालकाला हाक मारतो. दुसऱ्याची खूण असली तर मला काय कळणार?"

इतकं लांब ते माझ्याशी कधी बोललेले आठवत नाही.

डबा तिथेच टाकून सड्यावर पळालो. मॅडमना म्हटलं, "वायफायवाला चिठ्ठीवर काही लिहीत नाही, कारण कोरी आहे असं धरतो. पण ती कोरी नाही. आधी उपकेंद्राचा माल त्याच जागेतून गेलाय, त्याची खूण पुसलेलीच नाही! म्हणून फणसाखालची माणसं पुढच्या रांगेत शिरतायत. शुक्रवारी माणसंच नसतात, हर्षदच्या बेंचवरही नसतात, म्हणून कळत नाही. डबा बंद करून चालू केला की सगळ्या चिठ्ठ्या नव्या, म्हणून शून्य!"

त्यांनी तिथल्या तिथे आपला कोड उघडला.

मग मॅडम म्हणाल्या, "मी परत आलेल्या चिठ्ठीवरचे चारच रकाने पुसते. तेव्हा चारच वापरात होते. खुणेचा पाचवा हर्षदने नंतर घातला."

त्यांनी हर्षदला फोनवर घेतलं. तो म्हणाला, "मला चिठ्ठी कोरी मिळते असं तूच सांगितलं होतंस." त्या म्हणाल्या, "तेव्हा कोरीच होती." दोघंही खरं बोलत होते. मग दोघं भांडले, आणि दोघंही भांडताना खरंच बोलत होते. तेवढ्यात मी गोणीचं सांगितलं. मॅडमनी सगळं परत सांगायला लावलं, बाबा काय म्हणाले ते शब्दाला शब्द, आणि मला ऐकू येत होतं की त्या लिहून घेतायत.

"रितेश, तुझ्या वडिलांना माझा नमस्कार सांग," म्हणाल्या.

सांगितला नाही. कशाबद्दल म्हणून सांगणार? गोणीचा विषय निघाला असता.

गिरणीत मोकळा डबा आणायला गेलो तर काकी म्हणाली, "पळालंस कुठं रं? तुजा बापूस तुजंच सांगत व्हता. आल्यागेल्याला सांगतो, चूक माजी, पोराची न्हवं, जुनी खूण मीच ठेवली गोणीवर."

म्हणजे सहा वर्षं झाली तरी अजून सगळ्यांना ती गोष्ट सांगतातच आहेत.

२० डिसेंबर, शुक्रवार

मॅडमनी दुरुस्ती पाठवली. माल पोचता होऊन पॅकेटची जागा परत आली की तिथेच सगळी चिठ्ठी कोरी, चार रकाने-पाच रकाने काही नाही. मी डब्यात घातली. कॉल चांगला, पण शुक्रवार आहे.

आईने आज आंबोळ्या केल्या. सात खाल्ल्या. बंगळूरचा डोसा आणि आंबोळी एकच, असं म्हणणाऱ्याला आईसमोर उभा करायला पाहिजे.

२४ डिसेंबर, मंगळवार

बराच बरा, पण पूर्ण नाही. काकीचा कॉल दोनदा अडकला, प्रत्येक वेळी पाच-सात सेकंद. डॉक्टरांनी जखम बघितली तरी. काकी म्हणाली, "आज निम्मा पाय परत आला."

कॉल झाल्यावर केबल काढून आकडा बघितला. पळत नव्हता, सरपटत होता. मिनिटाला वीस-तीस.

मॅडम वैतागल्या. "सगळं पुसतेय मी. सगळं!"

आता एकच मंगळवार उरला. खरं सांगायचं तर मला भीती वाटली. डब्याची नाही. तो खांद्यावर घेऊन एसटीत चढलोय आणि फणसाखाली सगळे बघतायत, असं दिसायला लागलं. एकदा बी घालवलं, आता डॉक्टर घालवले.

२६ डिसेंबर, गुरुवार

मागच्या पडवीत आई फाटक्या गोणी शिवत बसलेली. मी शेजारी बसून सुतळी कापून देत होतो. शिवून झालेली गोण तिने उचलली आणि मागच्या दाराने गिरणीच्या ढिगावर टाकली.

"ही बाबांच्या हातातून नाही जात?"

"फाटकी कशाला जाईल? ती मधीच काडून माज्याकडं देतात. शिवली की परस्पर ढिगावर."

"मग हिच्यावरची खूण?"

"अरे, शिवायला उलटीच करावी लागती. बघ की." खरंच उलटी होती. आई शिवण आतून घालते.

मी बसल्याजागी मॅडमना फोन लावला. पडवीत रेंजची एकच काडी होती, तेवढ्यावर विचारलं, "जी पॅकेटं पोचत नाहीत, मध्येच टाकून देतो आपण, त्यांची जागा कुठून परत येते?"

"गर्दी झाली की काही टाकतो आपण. ती..." मग कीबोर्डचा आवाज. बराच वेळ. "ती दुसऱ्या दाराने येते. तिथे मी पुसतच नाही."

आई म्हणाली, "कोन हाय?"

"ऑफिसच्या मॅडम."

"लगीन झालंय त्यांचं?"

फोन चालू होता. मॅडम पलीकडे हसल्या. मी पडवीतून उतरून परसातल्या दगडी गडग्यावर जाऊन बसलो.

२८ डिसेंबर, शनिवार

नवी दुरुस्ती आली, लगेच डब्यात घातली. आता पोचलेलं असो की टाकलेलं, दोन्ही दारं एकाच जागेवर येतात आणि तिथे चिठ्ठी कोरी होते. ढिगावर तिथूनच जायचं, दुसरी वाट ठेवलीच नाही.

मॅडमनी आणखी एक केलंय, ते मला फार आवडलं. बेंचवरच्या डब्यात चिठ्ठी कोरी करायच्या ऐवजी मुद्दाम कचरा भरायचा, येडेवाकडे आकडे. ज्याचा कोड चिठ्ठी न लिहिता जुन्यावर विसंबून राहील त्याचा माल लगेच भलतीकडे जातो आणि डबा बोंब मारतो. त्याच दिवशी सापडतो, दोन महिन्यांनी आमच्या गावात येऊन नाही. एका सकाळीत असे तीन जण सापडले. त्यातला एक हर्षद. एक मॅडम स्वतः. तिसरा नोकरी सोडून गेलाय, म्हणून त्याला सगळ्यांनी मिळून शिव्या घातल्या.

भिंतीवर कागद लावलाय म्हणाल्या: परत आलेली चिठ्ठी तिथेच कोरी करायची, आणि कोरी असेल असं कोणी धरायचं नाही. आणि खाली लिहिलंय, गंगाराम नियम. माझ्या बाबांचं नाव बंगळूरच्या भिंतीवर. हे मात्र आईला सांगितलं. तिने बाबांना सांगितलं असेल की नाही माहीत नाही. जेवताना ते खाली बघत होते, भात दुसऱ्यांदा घेतला.

३१ डिसेंबर, मंगळवार

सकाळी साडेनऊला उपकेंद्रात. सिस्टर म्हणाल्या, "अहो, एकदा बंद-चालू करून ठेवा की. तुम्हीच म्हणालात ना, त्याने बरा होतो. आज साहेब बघणार आहेत तुमचे."

मी बटणावर हात ठेवला. खोटं का लिहू, ठेवला. काकीचा नंबर पहिला, तेवढी दहा मिनिटं नक्की चांगली गेली असती, दुरुस्ती खरी असो की खोटी. डबा राहिला असता. आणि पुढच्या मंगळवारी मी बंगळुरात, काकी इथे, आणि गोठलेला पाय. हात काढला. म्हटलं, "नको. शनिवारपासून चालू आहे तसाच राहू दे."

"बघा हं," सिस्टर म्हणाल्या.

फणसाखाली आज नेहमीपेक्षा जास्त गर्दी. सुट्टीला आलेले मुंबईकर, सगळ्यांची डोकी फोनात. मला तर बरंच वाटलं, घ्या किती घ्यायचं ते.

अकराला कॉल लागला. साहेब आणि मॅडम तिकडून आकडे बघत होते. डॉक्टर म्हणाले, "आजी, पाय जवळ आणा." काकीने आणला. "अजून जवळ." "आता काय आत घालू?" काकी म्हणाली, आणि डॉक्टर हसले, आणि हसू आणि आवाज एकाच वेळी आले. मी तेवढंच ऐकत होतो. बोटं दाबून दाखवा, टाच दाखवा, कुठे बधिर वाटतं का. बावीस मिनिटं. एकदाही अडकलं नाही.

डॉक्टर म्हणाले जखम भरली. आता महिन्यातून एकदा दाखवा.

"म्हंजे दर मंगळवारी यायचं न्हाय?" काकीचं तोंड पडलं. "मग मी करू काय मंगळवारी?" बाहेर जाताना माझ्या पाठीत धपाटा घातला. "बरं केलंस हो," म्हणाली. आणि पुढे म्हणाली की बी तिला त्याच वर्षी भावजयीकडून मिळालं होतं, आता चार गोणी होतं, नेशील तर थोडे तांदूळ देते बंगळूरला. हे मला सहा वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं म्हणा.

शेवटचा पेशंट झाल्यावर केबल काढली. पुढच्या रांगेचा आकडा थांबला. फणसाखाली पन्नास फोन चालू, मागचा आकडा नुसता धावतोय, आणि पुढचा जागच्या जागी. साहेबांचा फोन आला: डबा राहू दे, तू परत ये. मॅडमचा मेसेज: तू कधी येतोयस? बेंचवर तुझ्याशिवाय केबल सापडत नाहीत. केबलांवर मी नीट खुणा घालून ठेवल्यात, का सापडू नयेत कळत नाही.

एक राहिलं. कॉल चालू असताना सहज बाहेर बघितलं तर बाकावर बाबा. पांढरा सदरा घातलेला, लग्नाला घालतात तो. मला वाटलं, त्यांना काहीतरी झालंय. नंतर सिस्टरना विचारलं. त्या म्हणाल्या, "काही नाही झालेलं. दहालाच आले. केसपेपर काढू का म्हटलं तर नको म्हणाले. नुसते बसले होते. काकी हसत बाहेर आली तेव्हा उठले आणि गेले."

घरी येताना गिरणीवरून आलो. दारात गोणींची रांग रस्त्यापर्यंत, लोक ताटकळलेले, एक जण म्हणाला सकाळपासून बंद होती, आत्ता उघडली. हंगामात बाबा अंगात ताप असला तरी गिरण बंद ठेवत नाहीत. मी आत गेलो आणि विचारलं, बंद का ठेवलीत?

"पट्टा सैल झालता," म्हणाले, माझ्याकडे न बघता.

ते पुढे गोणी उचलायला गेले तेव्हा मी पट्टा हाताने दाबून बघितला. चांगला घट्ट होता.